आमच्या बांधीत माणूस पाठवा: कृषी खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री आणि मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

हे पत्र उघड लिहिते आहे, कारण कचेरीत दिलेले अर्ज आवक नोंदवहीत चढतात आणि तिथेच राहतात. मी भंडारा जिल्ह्यातली, चुलबंद नदीकाठच्या एका गावातली धान करणारी बाई आहे. सातबारा माझ्या नावावर आहे आणि रोवणीला, म्हणजे धानाची रोपे लावायला, मी स्वतः बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) उतरते. माझे वडील साठच्या दशकात याच जिल्ह्यात ग्रामसेवक होते, तेही ‘पॅकेज’चे ग्रामसेवक (ते काय, ते पुढे सांगते). त्यामुळे तुमचे खाते मी लहानपणापासून घरात पाहिले आहे आणि आता शेतात त्याची वाट पाहते आहे.

2025 च्या खरिपाच्या तोंडावर आपण ‘महाविस्तार’ नावाचे ॲप आणले. शेतकऱ्याने मोबाइलमध्ये प्रश्न विचारायचा आणि यंत्राने मराठीत उत्तर द्यायचे. त्याच सुमारास कृषी सहाय्यकांचे पदनाम बदलून सहाय्यक कृषी अधिकारी झाले. ॲपला माझा विरोध नाही. माझा पुतण्या ते वापरतो, बाजारभाव बघतो. पदनामाला तर नाहीच, ती त्या लोकांचीच जुनी मागणी होती. माझा आक्षेप या दोन्हींच्या मागे जे गृहीत धरलेले दिसते त्याला आहे: गावात माणूस आला नाही तरी विस्ताराचे, म्हणजे शेतीचे शास्त्र शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याचे, काम होते. तसे ते होत नाही. आमच्या जिल्ह्याने हा प्रयोग सत्तर वर्षांत दोनदा पाहिला आहे, आता तिसरा चालू आहे.

जरा मागचे सांगते, कारण मंत्रालयात फायली बदलतात, माणसे बदलतात आणि जुने कोणाच्या लक्षात राहत नाही.

2 ऑक्टोबर 1952 ला समूह विकास योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली आणि ग्रामसेवक नावाचा माणूस गावोगाव दिसू लागला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. 1959 मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी देशाच्या अन्नटंचाईवर अहवाल दिला. त्यातून 1960 मध्ये सघन कृषी जिल्हा कार्यक्रम निघाला, ज्याला लोक पॅकेज कार्यक्रम म्हणत. पहिल्या फेरीत लुधियाना, तंजावर, रायपूर, अलीगढ असे सात जिल्हे होते. नंतरच्या फेरीत महाराष्ट्रातून एकच जिल्हा निवडला गेला: भंडारा. आजचा गोंदिया तेव्हा त्यातच होता.

पॅकेजमध्ये काम कसे चालायचे ते बाबांकडून ऐकलेले सांगते. उन्हाळ्यातच ग्रामसेवक शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून आराखडा करायचा. बांधी किती, त्यात हलक्या (लवकर येणाऱ्या) धानाची किती आणि भारी (उशिरा येणाऱ्या) धानाची किती, तलावाचे पाणी कुठवर पोचते, बी कोणते, खत किती, कर्ज किती लागेल, हे सगळे कागदावर यायचे. त्या कागदावर सोसायटी कर्ज द्यायची आणि खतही सोसायटीतूनच मिळायचे. मातीचा नमुना तपासायला जायचा. मग हंगामभर तोच ग्रामसेवक त्याच बांधीवर पुन्हा पुन्हा यायचा, कारण आराखडा त्याने स्वतः केलेला असायचा आणि तो फसला तर लोक त्यालाच चौकात धरायचे.

सगळे गोड होते असे मी म्हणत नाही. भंडाऱ्याचे लुधियाना झाले नाही. लुधियान्यात पाणी शेतकऱ्याच्या हाती होते, आमच्याकडे ते मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पोटात आणि पावसाच्या मर्जीवर होते. तायचुंग आणि आयआर-8 हे नवे धान आले तेव्हा दाणा जाड म्हणून भाव पडला, बुटक्या धानाची तणस (पेंढा) कमी म्हणून बैलांचे हाल झाले आणि किडी वाढल्या त्या वेगळ्याच. लोकांनी तोंडावर नाही म्हटले. पण नाही म्हणायला समोर माणूस होता, आणि तो ते ऐकून वर कळवत होता. (तसे पाहिले तर पाण्याचे शास्त्र आमच्याकडे खात्याच्या जन्माआधीचे आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि त्यांची पाणीवाटप कोणत्या विस्तार अधिकाऱ्याने शिकवली नव्हती.)

पुढे काय झाले? 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. ग्रामसेवकाच्या काखेत ग्रामपंचायतीचे दप्तर आले: घरपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद, ग्रामसभेचे इतिवृत्त. शेती हळूहळू त्याच्या यादीच्या तळाशी गेली. आज त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि त्याचा धानाशी संबंध होता हे नव्या पोरांना खरेसुद्धा वाटत नाही. हा पहिला माणूस आम्ही असा गमावला.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक बँकेच्या पैशावर प्रशिक्षण व भेट योजना आली. तिच्यात एक गोष्ट फार शहाणपणाची होती. गावपातळीवरच्या विस्तार कार्यकर्त्याने विस्ताराशिवाय दुसरे काहीही करायचे नाही. बी वाटायचे नाही, वसुली करायची नाही, आकडे गोळा करायचे नाहीत. दर पंधरवड्याला ठरलेल्या वारी ठरलेल्या गावात जायचे, संपर्क शेतकऱ्यांच्या गटाला भेटायचे, आणि स्वतःचेही प्रशिक्षण पंधरवड्याला घ्यायचे. योजना ताठर होती, शिफारशी ठरावीक होत्या, संपर्क शेतकरी बहुतेक गावचा पाटीलच असायचा, हे सगळे खरे. तरी वार ठरलेला होता. गावातल्या म्हाताऱ्यांना तो वार अजून आठवतो.

बँकेचा पैसा थांबला. 1 जुलै 1998 पासून एक खिडकी आली. कृषी, मृद्संधारण, फलोत्पादन सगळे एकत्र झाले आणि कृषी सहाय्यक हा त्या खिडकीतला एकटा माणूस उरला. कल्पना वाईट नव्हती, शेतकऱ्याने एकाकडेच जावे अशी होती. पण जे जे नवे काम निघाले ते त्याच खिडकीतून आत टाकले गेले. 2005 पासून ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) आली, तिने गट आणि सहली दिल्या. 2009 च्या सुमारास किडींच्या सर्वेक्षणाचे क्रॉपसॅप आले, ते खरोखर चांगले होते. शेतीशाळा चांगल्या घेतल्या गेल्या तिथे बाप्ये-बाया धान उपटून बुडाशी काय आहे ते पाहायला शिकले. याचे श्रेय खात्याला देते.

आणि आज? गेल्या रोवणीच्या दिवसांत आमच्या सज्जाचे (त्यांच्याकडे सोपवलेल्या गावांचे) कृषी सहाय्यक शेजारच्या धुऱ्यावर (बांधावर) उभे होते. एका हातात मोबाइल होता, दुसऱ्या हाताने स्क्रीनवर सावली धरली होती. धुऱ्यावर लावलेल्या आंब्याच्या कलमांचा फोटो ठिकाणासह अपलोड होत नव्हता. माझे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, पिवळे पडले होते. मी आवाज दिला, “भाऊ, पऱ्हे पिवळे पडले, जरा पाहता का?” ते म्हणाले, “ताई, सर्व्हर चालू आहे तोवर एवढे उरकतो, मग येतो.” मग त्यांना दुसऱ्या गावचा फोन आला. त्यांच्याकडे आमच्या सज्जाबरोबर एका रिकाम्या सज्जाचाही भार आहे. महाडीबीटीची (अनुदानाच्या पोर्टलची) मोका तपासणी, पीएम किसानच्या अडकलेल्या हप्त्यांची भांडणे, पीक कापणी प्रयोग, फार्मर आयडी, पंचनामे, त्यात निवडणूक लागली तर तीही. त्या माणसाला शेतीची पदवी आहे. खात्याने त्याला लाभार्थ्यांचा कारकून करून ठेवले आहे. म्हणजे दुसरा माणूसही आम्ही गमावलाच. आता तिसऱ्या खेपेला माणूसच नाही, ॲप आहे.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार तुडतुड्यांची आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते. 2017 च्या ऑक्टोबरात आमच्या भागात धान निसवून (लोंब्या टाकून) उभे होते. वरून पाहिले तर हिरवेगार. तुडतुडा पानावर दिसत नाही. तो चुडाच्या (धानाच्या झुबक्याच्या) बुडाशी, पाण्याच्या वर चार बोटे, दाटीवाटीने बसून रस ओढतो. चूड दोन्ही हातांनी फाकवून वाकून पाहिले तरच कळते. वरून कळते तेव्हा बांधीत गोल चट्टे जळालेले असतात, आणि आठ दिवसांत चट्ट्याला चट्टा मिळतो. उपाय महागडा नाही. रोवणी दाट करू नये, दर दहा ओळींनंतर फूटभराचा पट्टा मोकळा सोडावा म्हणजे वारा-ऊन खेळते, युरियाचा हात आखडावा, आणि बुडाशी तुडतुडा दिसला की बांधीतले पाणी सोडावे. औषध मारायचेच तर नेमके आणि बुडाशी मारावे. भलते पायरेथ्रॉइड मारले तर तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि मित्र ढेकूण आधी मरतात आणि तुडतुडा उलट वाढतो. हे सगळे तुमच्या विद्यापीठांच्या पुस्तिकांत छापलेले आहे.

माझ्या शेजाऱ्याला त्या वर्षी दुकानदाराने नेमके तेच औषध दिले, वर टॉनिकची बाटली जोडून, उधारीवर. दुकानदाराचे नाव घेत नाही. त्याच्या जागी दुसरा असता तरी तेच विकले असते, कारण गावात सल्ला देणारा तोच एक उरला आहे. शेजाऱ्याचे धान कापायच्या लायकीचे राहिले नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात बोंडअळीबरोबर तुडतुड्यांसाठीही मदत जाहीर झाली, त्याबद्दल आभार. पण पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक असे तिघे एकाच धुऱ्यावर आले, ते मी तेव्हाच पाहिले. धान उभे असताना त्यांच्यातला एक जरी वाकून बुडाशी पाहायला आला असता, तर तिघांचा पंचनामा वाचला असता.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. चौकशी समिती बसली, कीटकनाशकांवर बंदीचे आदेश निघाले. कोणते औषध कशात मिसळू नये, वाऱ्याच्या कोणत्या बाजूने उभे राहावे, हे त्या मजुराला त्याच्या शेतात जाऊन कोणी सांगितले होते का, हा प्रश्न मात्र मला कुठे नीट विचारलेला दिसला नाही. 2003 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकऱ्यांना विचारले होते की शेतीची माहिती कुठून मिळते. शेजारचा प्रगतिशील शेतकरी म्हणणारे 16.7 टक्के, निविष्ठा विक्रेता म्हणणारे 13.1 टक्के, रेडिओ म्हणणारे 13 टक्के. सरकारी विस्तार कार्यकर्ता म्हणणारे 5.7 टक्के. पाहणी जुनी आहे. आमच्या गावात आज ती घेतली तर पहिल्या दोघांचीच चढाओढ लागेल.

दुसरी तक्रार बायांची आहे. धानाचे निम्मे शास्त्र रोवणीत आहे आणि रोवणी बाया करतात. चारसूत्रीचेच घ्या. डॉ. एन. के. सावंतांनी बसवलेली ही पद्धत: तुसाची काळी राख पऱ्ह्याच्या गादीत, गिरीपुष्पाचा पाला चिखलणीत, 15 आणि 25 सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोरीवर रोवणी, आणि त्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात हाताने खोल दाबायची. 2.7 ग्रॅमची गोळी वरवर टाकली की काम फुकट, बोटे चिखलात आत जायला हवीत. हे करणारे हात कोणाचे? प्रशिक्षण मात्र झाले सभागृहात, दुपारी, सातबाराधारक पुरुषांसाठी. त्यांनी घरी येऊन सांगितले, “दोरीने लावा.” दोरी एकीने या धुऱ्यावर धरली, दुसरीने त्या धुऱ्यावर, खुणा कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हते, मुकादमीणबाई ओरडू लागली की एकरी ठेका आहे, हात उचला. तिसऱ्या ओळीनंतर दोरी धुऱ्यावर पडली. मग अहवालात लिहिले गेले असेल की शेतकऱ्यांनी तंत्रज्ञान स्वीकारले नाही.

तिसरी तक्रार वेळेची. 2025 मध्ये मे अखेर ते 12 जून असे पंधरा दिवस शास्त्रज्ञ गावोगाव फिरले, केंद्राचे अभियान होते. चांगले झाले. पण 12 जूनला आमच्याकडे बहुतेकांचे पऱ्हेसुद्धा पडलेले नसतात. खोडकिडा, गादमाशी, करपा, तुडतुडा हे सगळे पाहुणे त्यानंतर येतात. आमच्या अडचणींचा खरा हंगाम पोळ्यापासून दिवाळीपर्यंत असतो.

चौथी तक्रार थोडक्यात, पण मनाला लागलेली. विस्तार म्हणजे वरून खाली सांगणे एवढेच तुमच्या लेखी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या गावी दादाजी खोब्रागडे होते. दीड एकराचा धनी. 1983 मध्ये पटेल-3 च्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यांनी त्या निवडून वर्षानुवर्षे जोपासल्या आणि त्यातून एचएमटी धान आले. आज देशभर बारीक तांदूळ खाणारा माणूस ते नाव ओळखतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पुढे पीकेव्ही एचएमटी प्रसारित केले आणि श्रेय कोणाचे यावर वाद झाला. राष्ट्रपती कलामांच्या हस्ते गौरव झाला, तरी 2018 मध्ये ते गेले ते हलाखीतच. तो वाद मी आज पुन्हा उकरत नाही. मला एवढेच विचारायचे आहे: आज आमच्या जिल्ह्यात कोणाच्या बांधीत अशी लोंबी दिसली, तर त्याने ती कोणाला दाखवायची? ॲपला?

आता मागण्या. एकाही मागणीला नवी योजना लागत नाही.

एक. प्रत्येक सज्जात पंधरवड्याचा एक वार ठरवा. मृगापासून कापणीपर्यंत त्या वारी कृषी सहाय्यक गावात असेल, कचेरीत नसेल, पोर्टलवर नसेल. वेळ आणि बांधी ग्रामपंचायतीच्या फलकावर आधी लिहिलेली असेल. त्या दिवशी बैठक, व्हीसी, तपासणी काहीही लावायची नाही, असे लेखी परिपत्रक काढा.

दोन. पोर्टलची कामे वेगळ्या माणसाकडे द्या. मंडळ पातळीवर डेटा भरणारी दोन मुले नेमलीत तरी जिल्ह्यातले किती पदवीधर शेतात परत येतील याचा हिशेब तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगला निघेल. आणि रिकाम्या सज्जांची तालुकावार यादी दर हंगामाआधी जाहीर करा. लपवण्यासारखे त्यात काही नाही, सगळ्या गावाला माहीत असते.

तीन. रोवणीचे प्रशिक्षण रोवणीच्या दिवशी, बांधीत, बायांना द्या. सातबारा विचारू नका. त्या तासांची मजुरी प्रात्यक्षिकाच्या निधीतून द्या, नाहीतर कोणी थांबणार नाही आणि थांबू नयेही.

चार. औषधाची शिफारस कृषी सहाय्यकाने चिठ्ठीवर लिहून, सही करून द्यावी. औषध, मात्रा, पिकाची अवस्था. दुकानात ती चिठ्ठी दाखवली की त्याबाहेरचे कोणी गळ्यात मारणार नाही, आणि मारले तर पुरावा राहील. फवारणी करणाऱ्या मजुरांनाही हंगामाआधी एकदा बोलवा, फक्त मालकांना नको.

पाच. साकोलीचे संशोधन केंद्र, सिंदेवाहीचे केंद्र आणि आमची गावे यांच्यात उलटी वाट सुरू करा. शेतकऱ्याने निवडलेले बी, त्याला दिसलेली नवी कीड, त्याने नाकारलेली शिफारस आणि नाकारण्याचे कारण, हे त्याच्या नावानिशी नोंदवणारी वही प्रत्येक सज्जात ठेवा. वर्षातून एकदा शास्त्रज्ञांनी तिला लेखी उत्तर द्यावे. अकोला आमच्यापासून तीनशे किलोमीटरच्या वर आहे. वही तरी जाऊ द्या.

पैशाची अडचण सांगाल, म्हणून आधीच लिहून ठेवते. पॅकेजच्या दिवसांत बाबांकडे सायकल होती आणि खात्याकडे आजच्या तुलनेत काहीच नव्हते. आज ॲपवर, पोर्टलवर, अभियानाच्या फ्लेक्सवर जे खर्च होते त्यातला वाटा आम्ही मागतो आहोत, वेगळी थैली नाही.

या पत्राला पोर्टलवर टोकन क्रमांक देऊन निकाली काढू नये, ही विनंती. येत्या खरिपाआधी आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर पंधरवड्याचा वार लिहिलेला दिसला, तर उत्तर मिळाले असे मी समजेन. नाही दिसला, तर हेच पत्र घेऊन पुढच्या हिवाळी अधिवेशनात आम्ही रोवणीच्या बाया नागपूरला येऊ.

कळावे,
आपली,
एक धान उत्पादक शेतकरी,
जि. भंडारा